ब्राउझरची आयती मांडणी कोणी ठरवायची?

मंडळी, चहाच्या हॉटेलात बसले की आपण नुसते "एक चहा" म्हणतो. साखर घाला असे कोणी सांगत नाही, तरी ती घातलेली असतेच. ज्याला नको असेल त्याने "बिनसाखरेचा द्या हो" असे आठवणीने सांगायचे. आता हॉटेलवाल्याने कुणावर जबरदस्ती केली काय? मुळीच नाही. पण दिवसभरात त्याच्याकडून जे शंभर कप बाहेर जातात, त्यांत बिनसाखरेचे किती असतात ते एकदा मोजून पाहा. ज्याला मधुमेह आहे आणि तसे कळलेले आहे, तो सांगेल. ज्याला आहे पण कळलेलेच नाही, तो बिचारा गोडच पिणार.

संगणकाच्या जगात या न मागता मिळणाऱ्या साखरेला ‘डिफॉल्ट’ म्हणतात. आपण काही न सांगता, कुठलेही बटण न दाबता जे आधीपासून ठरवून ठेवलेले असते ते. आपण त्याला आयती मांडणी म्हणू. मोबाइल दुकानातून आणला, दुकानदाराने चालू करून हातात दिला, की त्यातल्या शेकडो गोष्टी अशा ठरूनच आलेल्या असतात. त्यांतल्या एकाच साधनाविषयी आज बोलायचे आहे. ते साधन म्हणजे ब्राउझर. इंटरनेटवरची पाने आपण ज्यातून पाहतो तो ब्राउझर. मराठीत त्याला ‘न्याहाळक’ असा सुरेख शब्द केलेला आहे, पण आपल्या तोंडी ब्राउझरच बसला, त्याला इलाज नाही.

काही ब्राउझर खुले असतात. खुले याचा अर्थ फुकट एवढाच नव्हे. ज्या सूचनांच्या लेखनातून ते बनले, ते मूळ लेखन कोणालाही वाचता येते, उतरवून घेता येते, त्यात फेरफार करून स्वतःचा निराळा ब्राउझर काढता येतो. नेटस्केप नावाच्या अमेरिकन कंपनीने ३१ मार्च १९९८ रोजी आपल्या ब्राउझरचे मूळ लेखन असे जगापुढे ठेवले. त्यातून मोझिला हा प्रकल्प उभा राहिला, आणि त्याचा फायरफॉक्स हा ब्राउझर ९ नोव्हेंबर २००४ रोजी पूर्णावस्थेत बाहेर पडला. गूगलने २००८ साली क्रोमियम या नावाने असेच खुले लेखन ठेवले. आपल्या मोबाइलात बहुधा असतो तो क्रोम याच क्रोमियमवर उभा आहे.

तुम्ही म्हणाल, लेखन सर्वांना खुले, बदलायची मुभा सर्वांना, मग भांडण कसले? भांडण असे, की लेखन वाचणारे मूठभर आणि ब्राउझर वापरणारे कोट्यवधी. मूळ लेखनात एका जागी ‘होय’ आहे की ‘नाही’ आहे, एवढ्या एका शब्दावर कोट्यवधी लोकांचे ठरते. कारण त्यांतले बहुतेक जण तो शब्द कधी उघडून बघणार नाहीत. म्हणून खुल्या ब्राउझरांच्या जगात जे वाद झाले, त्यांतले सगळ्यांत कडू वाद ‘ही सोय असावी की नसावी’ असे नव्हते. ‘सोय असू दे, पण ती आयती चालू असावी की आयती बंद’ यावरून ते झाले.

सर्वांत गाजलेला वाद कुकीचा. कुकी म्हणजे काय ते आधी नीट समजून घेऊ, म्हणजे पुढचे सोपे जाईल. ज्या संगणकावर एखादे संकेतस्थळ ठेवलेले असते तो स्वभावाने मोठा विसराळू. तुम्ही त्याच्याकडे एक पान मागितले, त्याने दिले. पुढच्या क्षणी दुसरे मागितले, तर "आपण कोण?" असे तो विचारणार. या विसराळूपणावर लू माँतुली या नेटस्केपमधल्या अभियंत्याने १९९४ साली उपाय काढला. देवळाबाहेर चपला ठेवल्या की आपल्याला एक बिल्ला मिळतो ना? तसा बिल्ला ते संकेतस्थळ तुमच्या ब्राउझरजवळ देते. पुढच्या खेपेस ब्राउझर तो बिल्ला दाखवतो आणि तिकडे ओळख पटते. रेल्वेचे तिकीट काढताना प्रत्येक पानावर नाव आणि परवलीचा शब्द पुन्हा पुन्हा द्यावा लागत नाही, तो या बिल्ल्यामुळे. इथपर्यंत सगळे ठीक आहे.

गोम पुढे आहे. आपण एखाद्या वर्तमानपत्राचे पान उघडतो तेव्हा त्या पानावरची जाहिरात त्या वर्तमानपत्राच्या घरून येत नाही. ती तिसऱ्याच एका कंपनीकडून येते, आणि येताना तीही आपला बिल्ला ब्राउझरच्या हातात ठेवते. ही तिसऱ्याची कुकी. आता समजा, जत्रेत आपण दहा दुकाने फिरलो, आणि दहाही दुकानांच्या पाठीमागे एकच मनुष्य वही घेऊन बसला आहे. तुम्ही बांगड्या पाहिल्या, त्याने लिहिले. तुम्ही दम्याचे औषध विचारले, त्याने लिहिले. कर्ज कुठे मिळते ते विचारले, तेही लिहिले. एकाही दुकानदाराला तुमची सगळी हकीकत ठाऊक नाही. वहीवाल्याला मात्र आहे. आणि त्याचे तोंड तुम्ही कधी पाहिलेलेही नाही!

ॲपलच्या सफारी ब्राउझरने अशा परक्या बिल्ल्यांना आयतीच आडकाठी ठेवली होती: ज्याच्या घरी तुम्ही स्वतः कधी गेला नाहीत त्याचा बिल्ला घ्यायचा नाही. २०१३ च्या फेब्रुवारीत, स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकणारे जोनाथन मेयर यांनी हाच नियम फायरफॉक्सला लावणारे एक ठिगळ लिहून दिले. ठिगळ हा शब्द मी गमतीने वापरत नाही. या धंद्यात अशा बदलाला ‘पॅच’ म्हणतात, आणि पॅच म्हणजे ठिगळच. विद्यार्थ्याने ठिगळ द्यावे आणि जगभरच्या ब्राउझरात ते शिवले जावे, ही खुल्या लेखनाची खरी थोरवी. ठिगळ स्वीकारले गेले. फायरफॉक्सच्या २२ व्या आवृत्तीपासून ते सर्वांना लागू होईल असे ठरले.

आणि मग ओरड झाली. अमेरिकेतल्या जाहिरात व्यवसायाच्या संघटना उठल्या. त्यांचे म्हणणे, यामुळे छोटी छोटी संकेतस्थळे मरतील. मोठ्या कंपन्यांच्या घरी लोक रोज जातात, त्यांचे बिल्ले चालूच राहतील, मार बसेल तो लहानांना. हे म्हणणे निव्वळ स्वार्थाचे होते असे मी म्हणणार नाही. बातम्या, पाककृती, शेतीची माहिती आपण फुकट वाचतो, त्याचा खर्च कोणीतरी जाहिरातीतून काढत असतो, हे विसरून कसे चालेल? आणि मोठ्यांना मोकळीक, लहानांना अडसर, हा दोष त्या नियमात खरोखरच होता.

मे महिन्यात मोझिलाचे तेव्हाचे तांत्रिक प्रमुख ब्रेंडन आइक यांनी जाहीर केले, की हा बदल २२ व्या आवृत्तीत आयता चालू होणार नाही. कारण सांगितले ते असे, की नियम दोन्ही बाजूंनी चुकतो. एकाच मालकाची दोन नावांची दोन संकेतस्थळे असली, तर त्यांतले दुसरे उगाच परके ठरून अडते. उलट वहीवाल्याच्या घरी तुम्ही चुकून एकदा पाऊल टाकलेत, की त्याला कायमची मोकळीक. हे तांत्रिक कारण खोटे नव्हते, हे मात्र प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण त्यावर आणखी मोजमाप करू, विचार करू, चांगल्यावाईटाची यादी करू असे म्हणता म्हणता वर्षांमागून वर्षे गेली, आणि ज्यांना यातले काही ठाऊक नव्हते अशा कोट्यवधींच्या ब्राउझरात तेवढी वर्षे वहीवाला निवांत लिहीत बसला. ‘अजून विचार चालू आहे’ हाही एक निर्णयच असतो. ग्रामपंचायतीच्या सभेला बसलेल्यांना हे मी समजावून सांगायला नको.

शेवटी ४ जून २०१९ पासून फायरफॉक्स नव्याने घेणाऱ्यांना, आणि ३ सप्टेंबर २०१९ रोजी ६९ व्या आवृत्तीबरोबर सर्वांनाच, माहितीतल्या वहीवाल्यांच्या कुकींना आयती बंदी लागू झाली. ही बंदी यादी पाहून केलेली; यादीत नाव नसले की सुटला. जून २०२२ मध्ये त्याहून शहाणा तोडगा सर्वांना आयता मिळू लागला. प्रत्येक संकेतस्थळासाठी ब्राउझर निराळी बरणी ठेवतो. तिसऱ्याने बिल्ला दिला तर देऊ दे, पण तो ज्या दुकानात दिला त्याच दुकानाच्या बरणीत राहील. बांगडीच्या दुकानातला बिल्ला औषधाच्या दुकानात दाखवलाच जात नाही. कोण चांगला, कोण वाईट, हा प्रश्न विचारायचीच गरज उरली नाही, आणि संकेतस्थळेही फारशी मोडली नाहीत. २०१३ साली ज्या पेचात मंडळी अडकली होती तो पेच असा सुटला. नऊ वर्षे मात्र लागली.

या गोष्टीचे एक शेपूट आहे. ज्या आइक यांनी तेव्हा ‘थांबा’ म्हटले, त्यांनीच पुढे मोझिलाबाहेर पडून ब्रेव्ह नावाचा ब्राउझर काढला, आणि त्यात परक्या जाहिराती व वहीवाले आयतेच बंद ठेवले! तो उभा आहे गूगलच्या खुल्या क्रोमियमवर. खुद्द गूगलने जानेवारी २०२० मध्ये सांगितले होते, की क्रोममधून तिसऱ्याच्या कुकी दोन वर्षांत काढून टाकू. मुदत वाढली, पुन्हा वाढली. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने त्यात लक्ष घातले, कारण गूगल स्वतःच जाहिरातींचा मोठा व्यापारी, तेव्हा इतर जाहिरातवाल्यांचे हातपाय बांधून आपलेच भले करून घेईल अशी शंका होती. जुलै २०२४ मध्ये तो बेत सोडला, आणि एप्रिल २०२५ मध्ये, निवडीसाठी वेगळी विचारणाही करणार नाही, असे सांगून टाकले. एकच लेखन, दोन ब्राउझर, दोघांची आयती मांडणी अगदी उलट. खुल्या लेखनामुळे मतभेद असा फुटून दोन घरे करू शकतो, आणि हे मला फार मोलाचे वाटते. पण नव्या घरात राहायला किती जण जातात? जे मोबाइलात आयते आले तेच बहुतेक जण वापरतात.

आता दुसरी हकीकत ऐका. हिच्यात वाद आणखी नाजूक आहे. २०११ साली फायरफॉक्सने एक सोय दिली. बटण दाबले की ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाला सांगणार: ‘माझा माग काढू नका.’ ही नुसती विनंती. दाराला कुलूप नव्हे, दारावरची पाटी. मोझिलाने ती आयती बंद ठेवली. त्यांचे म्हणणे, की विनंती म्हणून जी जाते ती त्या माणसाच्या मनातली असली पाहिजे. त्याने तोंड उघडलेच नाही आणि आपण त्याच्या नावाने बोललो, तर त्या बोलण्याला किंमत राहील काय? २०१२ साली मायक्रोसॉफ्टने आपल्या इंटरनेट एक्सप्लोरर १० मध्ये हीच पाटी आयती लावून टाकायचे ठरवले. तो ब्राउझर खुला नव्हे, पण ठिणगी पडली ती खुल्यांच्या घरात. अपाची हे संकेतस्थळे चालवणारे खुले साधन. त्याच्या जुन्या कर्त्यांपैकी एक रॉय फील्डिंग, ते त्या विनंतीच्या नियमांचेही एक संपादक होते. त्यांनी अपाचीच्या आयत्या मांडणीत एक ठिगळ घातले: विनंती या ब्राउझरकडून आली असेल तर ती पुसून टाका. एकाच्या आयत्या मांडणीला दुसऱ्याच्या आयत्या मांडणीने दिलेले उत्तर! आणि ज्याच्या नावाने हे चालले होते त्या वापरणाऱ्याला दोन्हींचा पत्ता नव्हता.

या वादात कोणाची बाजू घ्यावी याचा मी बराच विचार केला आहे. न विचारता बोलू नये हे तत्त्व उत्तम. पण मग ज्याने कधीच काही सांगितले नाही त्याचे मौन म्हणजे ‘खुशाल माग काढा’ अशी संमती, हे कोणी ठरवले? वर्गात हात वर न करणाऱ्या मुलाला सगळे समजले असे कोणताही शहाणा शिक्षक मानत नाही. बंद ठेवणे हेही कुणाच्या तरी बाजूचेच होते. पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली ती पाटी आयती लावणे सोडले. नियम ठरवणारी समिती जानेवारी २०१९ मध्ये बंद झाली. संकेतस्थळांनी विनंतीला भीक घातली नाही, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत १३५ व्या आवृत्तीबरोबर फायरफॉक्सने ते बटणच काढून टाकले. पाटीपेक्षा बरणी बरी ठरली.

शिक्षक मंडळींसाठी तिसरा वाद मुद्दाम सांगतो, कारण त्यात शाळा येते. आपण संकेतस्थळाचे नाव टाइप करतो, पण यंत्राला हवा असतो आकड्यांतला पत्ता. तो विचारणारी चौकशी जुन्या रिवाजाप्रमाणे उघड्या पोस्टकार्डावर जाते. वाटेतला कोणीही वाचू शकतो, आणि इंटरनेट पुरवणारी कंपनी तर वाचतेच. ही चौकशी बंद पाकिटातून पाठवायची सोय फायरफॉक्सने केली, आणि २५ फेब्रुवारी २०२० पासून अमेरिकेतल्या लोकांना ती आयती चालू करून देण्यास सुरुवात केली. कागदावर पाहिले तर यात वाईट काय? पण ब्रिटनमध्ये इंटरनेट पुरवणाऱ्यांच्या संघटनेने २०१९ च्या जुलैत मोझिलाचे नाव चक्क ‘इंटरनेटचा खलनायक’ या किताबासाठी सुचवले होते! लोक खवळले तेव्हा ते मागे घेतले. त्यांची तक्रार अशी, की पोस्टकार्ड वाचूनच तर आम्ही मुलांना नको ती संकेतस्थळे अडवतो. पाकीट बंद झाले तर शाळेची आणि घराची चाळणी निकामी होईल. दुसरीकडून प्रश्न आला तो मला अधिक वजनदार वाटतो: सगळी पाकिटे आयती एकाच कंपनीकडे, क्लाउडफ्लेअरकडे, का पाठवायची? शंभर पोस्टमन वाचत होते, आता एकच वाचणार, हा सुधार की घसरण? मोझिलाने त्या कंपनीला माहिती साठवण्याविषयी अटी घातल्या, आणि जिथे मुलांसाठीची चाळणी लावलेली आढळेल तिथे पाकीट आपोआप बाजूला ठेवावे अशी व्यवस्थाही केली. ब्रिटनमध्ये ही सोय आयती चालू करणार नाही, असेही त्यांनी तेव्हा सांगितले.

एवढे सगळे वाद तत्त्वांचे झाले. पण आयत्या मांडणीची खरी किंमत पाहायची तर पैशाकडे पाहा. पत्त्याच्या पट्टीत आपण शब्द टाकतो तेव्हा शोध कोण घेणार, हेही आयतेच ठरलेले असते, आणि ही जागा विकली जाते. फायरफॉक्समध्ये ती बहुतेक काळ गूगलची. २०१४ च्या अखेरीस अमेरिकेपुरती ती याहूला दिली होती, २०१७ च्या नोव्हेंबरात गूगल परत आले. मोझिलाचे बहुतेक उत्पन्न या एका जागेच्या भाड्यावर येते. म्हणजे गूगलचा वहीवाला अडवणारी संस्था गूगलच्या पैशावर चालते. यावर खुल्या लेखनाचे अनेक भक्त चिडतात, आणि चिडण्यासारखे ते आहेच. पण त्याऐवजी अभियंत्यांचे पगार कशातून द्यायचे, याचे उत्तर त्यांच्याजवळही नाही.

अमेरिकेतल्या खटल्यात उघड झाले, की अशा जागांसाठी गूगलने निरनिराळ्या कंपन्यांना २०२१ या एका वर्षात मिळून २६३० कोटी डॉलर दिले. लोक सहज मांडणी बदलत असते, तर एवढे पैसे कोणी कशाला मोजले असते? ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी, शोधाच्या धंद्यात गूगलने बेकायदा मक्तेदारी राखली, असा निकाल दिला. सप्टेंबर २०२५ च्या आदेशात, फक्त आम्हालाच ठेवा असे करार करायला मनाई केली, पण पैसे द्यायला बंदी घातली नाही. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइड फोनांतल्या आयत्या मांडणीवरून गूगलला १३३७.७६ कोटी रुपये दंड केला, आणि २०२३ च्या जानेवारीत गूगलने जाहीर केले की भारतातल्या लोकांना आयता शोधक निवडता येईल. तेव्हा तुमच्या आमच्या खिशातल्या फोनापर्यंत हा वाद आलेला आहे.

वाद संपलेले नाहीत. जुलै २०२४ मध्ये १२८ व्या आवृत्तीत खुद्द फायरफॉक्सनेच, जाहिरातींचा उपयोग झाला की नाही हे माणसाची ओळख न देता मोजण्याची एक सोय आयती चालू करून ठेवली. हेतू वाईट नसेल. पण ‘आधी विचारले का नाही?’ म्हणून व्हिएन्नाच्या नॉयब या संस्थेने ऑस्ट्रियात तक्रार नोंदवली. विषय समजावून सांगायला अवघड होता म्हणून न विचारता चालू केले, असा मोझिलाचा बचाव होता. समजावून सांगायला अवघड! शिक्षकांनी असे म्हटले तर शाळा उघडायच्या कशाला?

शाळेत संगणक असेल तर मुलांना घेऊन एक प्रयोग करता येईल. फायरफॉक्स उघडा आणि एखाद्या मोठ्या वर्तमानपत्राच्या पानावर जा. पत्त्याच्या पट्टीशेजारी ढालीचे लहानसे चिन्ह दिसेल, त्यावर टिचकी मारा. त्या पानावर कोणकोणते वहीवाले बसले होते आणि त्यांतले कोण अडवले गेले, ते तिथे पाहायला मिळेल. मग मांडणीच्या पानावर जाऊन ‘गोपनीयता’ या सदरात पाहा; तिथे नेहमीची आणि कडक अशा दोन पातळ्या आहेत, आणि तिसरी आपल्या मनाप्रमाणे ठरवायची. कडक पातळी लावून तेच पान पुन्हा उघडा. एखादे चित्र दिसणार नाही, एखादा व्हिडिओ चालणार नाही, असेही होईल. ती पातळी सर्वांना आयती का दिली नसावी, हे मुलांनाच विचारा, आणि दोन बाजू करून त्यांना तासभर भांडू द्या.